परतीचे दाणे

जगज्जेत्यांपैकी सर्वांत मोठी फजिती कुणाची झाली, याचा निकाल लावल्याशिवाय रामहरी मास्तरांना चैन पडत नव्हती. प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नव्हता. १९२८ सालच्या त्या उन्हाळ्यात सोलापुरात लोकांना पडायला दुसरे पुष्कळ प्रश्न होते. पण मास्तरांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला होता, आणि पेन्शनीत निघाल्यावर समोर बसायला मुलं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी तो घरातल्या जमिनीवर मांडायला घेतला.

मंगळवार पेठेतलं त्यांचं घर लहानसं, दक्षिणेकडे तोंड केलेलं. उंबरा ओलांडला की सोपा, आणि सोप्याच्या सारवलेल्या जमिनीवर गेरूनं काढलेला नकाशा. आतल्या भिंतीला जात्यापाशी रशिया, उजव्या हाताला खांबाभोवती हिंदुस्थान, डाव्या कोपऱ्यात इजिप्त. त्यावर शाळूचे दाणे मांडलेले. मूठभर दाणे म्हणजे निघालेली फौज, तिच्या शेजारची चिमूट म्हणजे परत आलेली. घरातल्या माणसांना भिंतीच्या कडेकडेनं चालावं लागे. सून सोनाबाई पाण्याची घागर घेऊन हिमालयाला वळसा घालून स्वयंपाकघरात जायची.

दुपारी उन्हानं पेठ ओस पडली की चन्नवीर अप्पा यायचे. बाळीवेशीत त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते मुलावर टाकून ते मास्तरांच्या सोप्यात पान लावत बसत. आल्याबरोबर विचारायचे, "काय मास्तर, आज कुणाचं सैन्य मारलं?"

मग वाद सुरू व्हायचा. मास्तर सांगायचे की सिंधकडून मायदेशी निघालेल्या सिकंदरानं मकरानच्या वाळवंटातून वाट धरली आणि लढाईत मेली नसतील एवढी माणसं तहानेनं घालवली. त्याच्या आधी इराणच्या एका राजानं इजिप्तच्या वाळूत फौज पाठवली होती. एक जुना ग्रीक ग्रंथकार म्हणतो की वादळ आलं आणि ती सगळीच्या सगळी गडप झाली. तुघलकानं हिमालयात लष्कर घातलं, तर पराभवाची बातमी सांगायला मोजके स्वार तेवढे खाली उतरले. नेपोलियन उन्हाळ्यात रशियात शिरला आणि हिवाळ्यात बाहेर आला, तेव्हा त्याच्यामागं फौज म्हणावी असं काही उरलं नव्हतं.

अप्पांचा कौल ठरलेला होता. "आमचा आलमगीरच पहिला," ते म्हणायचे. "बाकीचे हरले की मागं फिरले. ह्याला मागंबी फिरता आलं न्हाय. हितं भीमेकाठी वर्षानुवर्षं तळ ठोकून बसला, माण नदीच्या पुरात पाय अधू करून घेतला आणि शेवटी नगरातच गेला. दिल्ली काय दिसली न्हाय."

मास्तर मान हलवायचे. राजाचं काय झालं यावर हार मोजायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. राजाला परतायला घोडा असतो. जायची वाट राजा ठरवतो; यायची वाट मात्र कुणीच ठरवून ठेवत नाही, ती ज्याची त्याला शोधावी लागते. कितीजण ती शोधत राहिले, यावर हार मोजायची.

अप्पा यावर पुढचं पान लावायला घेत. मास्तर असं का म्हणतात ते त्यांना माहीत होतं. नकाशात इजिप्त आणि इराण यांच्यामधला तुकडा, नेमका उंबऱ्याला लागून येणारा, कोरा होता. तिथं मास्तरांच्या गेरूचा हात कधी गेला नव्हता. दोन नद्यांच्या त्या मुलखात महायुद्धाच्या वेळी इंग्रजांची फौज बगदाद घ्यायला गेली होती, कूत नावाच्या गावात कोंडली गेली होती, आणि उपासमारीनं शरण आली होती. त्या फौजेत कारकून म्हणून मास्तरांचा एकुलता मुलगा ज्ञानू होता. सिकंदर त्या वाटेनं गेला होता हे त्यानं वडिलांच्याच वर्गात ऐकलं होतं, आणि नाव नोंदवून आल्यावर मोठ्या कौतुकानं त्यांना तेच सांगितलं होतं. शरण आलेल्यांना तुर्कांनी वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं. लढाई संपली, कैदी सुटले, थोडे घरी आले. ज्ञानू मेलेल्यांत निघाला नाही आणि परतलेल्यांतही निघाला नाही.

त्याला या वैशाखात बारा वर्षं होत होती. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही की पळसाच्या पानादेठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. भटजी दोनदा घरी येऊन गेले होते. मथुराबाईंचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, मन तयार झालं होतं. अग्नी मिळाला नाही तर पोर असंच अधांतरी भटकत राहील, ना इकडचं ना तिकडचं, असं त्या म्हणत. मास्तर नाही म्हणत होते. एकदा अग्नी दिला की आपल्या हातानं त्याला मेलेला ठरवलं. रशियातून काही लोक कितीतरी वर्षांनी परतले होते, तोवर घरच्यांनी त्यांना रडून घेतलं होतं. इतिहास तोंडपाठ असलेल्या माणसानं तीच चूक करायची का? हे ते बायकोला समजावून सांगत, आणि मग सोप्यात येऊन दाण्यांकडे बघत बसत. आपण ही तुलना कशासाठी मांडली आहे, हे त्यांना नीट कळत होतं.

पहिल्यांदा फरक दिसला तो मकरानात. परतलेल्या फौजेची चिमूट जरा जाड वाटली. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आपलीच मांडणी चुकली असेल असं समजून त्यांनी जास्तीचे दाणे उचलून डब्यात टाकले. दोन दिवसांनी चिमूट पुन्हा जाड झाली होती. मग रशियाची वाढली. पुढं इजिप्तच्या कोपऱ्यात, जिथं परतलेल्यांच्या जागी एकही दाणा नव्हता, तिथं एक ओळ दिसू लागली. एकामागं एक दाणे, बारीक अंतर ठेवून.

त्यांनी हे अप्पांना दाखवलं. अप्पा हसले. "मुंग्या हायत हो, मास्तर. इतिहासाला मुंग्या लागल्या."

"असतील," मास्तर म्हणाले.

अप्पांनी पानाला चुना लावला. मग त्यांचा हात थांबला. ते वाकून ओळीकडे बघत म्हणाले, "पण मुंग्या घरातलं बाहेर नेतात की. बाहेरचं आत कशाला आणतील?"

त्या दिवशी त्यांनी पान खाल्लं नाही. दुकानात काम असल्याचं सांगून ते लवकर उठले, आणि नंतर काही दिवस आलेच नाहीत.

मथुराबाईंना दाण्यांचं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं वेगळंच चाललं होतं. भर दुपारी, गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर, बोळातून माणसं चालल्याचा आवाज येतो असं त्या म्हणायच्या. चपलांचा नाही, अनवाणी पायांचा. आणि तोही उचलून टाकलेल्या पायांचा नाही, ओढत नेलेल्या. उठून दार उघडलं की बोळ मोकळा, नुसतं पांढरं ऊन. एकदा त्यांनी मास्तरांचं मनगट धरून त्यांना ऐकायला बसवलं. मास्तरांना काहीच ऐकू आलं नाही. पण समोरच्या घराच्या सावलीत पडलेलं कुत्रं उठून बसलं होतं आणि मान हळूहळू वळवत बोळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काहीतरी जाताना बघत होतं. ते एकदाही भुंकलं नाही.

पुढच्या दुपारी मास्तरांना उंबऱ्यापाशी दाणे दिसले. कोऱ्या तुकड्यात. शाळूचे नव्हते. लांबट, पिवळट, मधे चीर असलेले होते. त्यांनी ते तळहातावर घेऊन मथुराबाईंना दाखवले.

"जव हाय," त्या म्हणाल्या. "पिंडाला लागतो. आपल्या घरात कुटनं आला?"

मास्तरांना वाटलं, भटजींच्या पडशीतून सांडला असेल. तसं ते म्हणालेही. पण त्यांच्या मनात दुसरंच आलं होतं. कूतला वेढा पडला तेव्हा आत कोंडलेली माणसं शेवटी घोड्यांचं मांस आणि जवाची भाकरी खाऊन राहिली होती, असं त्यांनी वाचलं होतं. हे त्यांनी घरात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आपला मुलगा काय खाऊन राहिला ते आईला कशाला सांगायचं?

सारवणाचा दिवस आला. सोनाबाई शेणाचं पातेलं घेऊन सोप्यात बसली, आणि मास्तर पहिल्यांदाच तिच्याकडे नीट लक्ष देऊन पाहू लागले. ती नकाशा सोडून कडेनं सारवत होती हे त्यांना ठाऊक होतं. पण उंबऱ्याजवळचा तुकडा कोरा होता, तिथं सारवायला काही हरकत नव्हती. तिथं आल्यावर तिचा हात वळला. दाणे जिथं जिथं होते तिथं तिथं तिनं बोटानं जागा सोडली.

"सोनाबाई, हे दाणे तू टाकतेस का?" त्यांनी विचारलं.

तिनं वर पाहिलं नाही. "न्हाय, मामंजी."

"मग तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"तुमाला दिसायच्या आदीपास्नं."

करकंबहून लग्न होऊन आली तेव्हा ती लहान होती. वर्ष उलटायच्या आत ज्ञानू फौजेत गेला. त्यानंतर या घरात तिच्याविषयी पुष्कळ बोलणं झालं, तिच्याशी फारसं झालं नाही. पुतळ्याचं ठरवताना तिला कुणी विचारलंच नव्हतं, हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी विचारलं.

सोनाबाईनं सारवणाचा हात पुसला. "मामंजी, मी रोज कुंकू लावते ते त्यांच्या नावानं. पण त्यांचं तोंड मला आठवत न्हाय. लई आठवून बगितलं. आवाज आठवतो, तोंड न्हाय. आता ते आले तर मी कुणाला म्हणून दार उगडायचं?"

त्या दिवशी मास्तर नकाशापाशी बसले नाहीत.

अखेर ती दुपार आली. उन्हानं पत्रे कडकडत होते. मथुराबाई आणि सोनाबाई आतल्या दाराशी लवंडल्या होत्या, मास्तर जात्याला टेकून बसले होते. भोंगा झाला. मग बोळात पायांचा आवाज आला, आणि या खेपेला तो मास्तरांनाही ऐकू आला. खूप पाय होते. ते जवळ आले, दारापुढं आले आणि थांबले.

बाहेरून कुणीतरी हळू आवाजात विचारलं, "मास्तर, आत येऊ का?"

उशिरा आलेली मुलं वर्गाच्या दाराशी अशीच विचारायची. ज्ञानूही त्यांच्या वर्गात होता तेव्हा असंच विचारायचा. शाळेत बाबा म्हणायचं नाही, अशी त्याला ताकीद होती. मास्तर उठले. मथुराबाईंनी बसल्या जागेवरून त्यांचं धोतर घट्ट धरलं. भर दुपारी आलेल्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते.

"मास्तर, आत येऊ का?"

सोनाबाई उठून उभी राहिली होती. तिनं डोळे मिटून घेतले होते, आवाज नीट ऐकू यावा म्हणून. "त्येच," ती म्हणाली.

मास्तरांनी धोतर सोडवून घेतलं, नकाशा तुडवत ते दाराशी गेले आणि त्यांनी कडी काढली.

बोळ भरलेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं उभी होती, अंगाला अंग लागून, आणि एकाचीही सावली पडली नव्हती. काहींनी त्या सोलापूरच्या उन्हात केसाळ कातडी पांघरली होती, तरी ती माणसं कुडकुडत होती. काहींच्या पापण्यांवर वाळू होती. काहींच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं, पण खाली जमीन कोरडी होती. कोण कुठल्या राजाचा, हे त्यांच्याकडे बघून आता सांगता येत नव्हतं. सगळ्यांचा रंग एकच झाला होता, धुळीचा. ती माणसं मास्तरांकडे बघत नव्हती. त्यांच्या खांद्यावरून आत, जमिनीवर मांडलेल्या दाण्यांकडे बघत होती. इतक्या वर्षांनी कुणी तरी आपल्याला मोजतंय, हे त्यांना कळलं होतं.

मास्तर त्यांच्यात आपला मुलगा शोधू लागले. पुढच्या रांगेतला एक हडकुळा, कान जरा पुढं आलेला. तो असेल. त्याच्या शेजारचा, मान तिरपी केलेला. तोही असू शकेल. तिसरा. चौथा. ज्याच्याकडे पाहावं तो थोडा थोडा ज्ञानूसारखा होता. आता एक हाक मारली असती, नाव घेऊन, तर त्यांतला एक पुढं आला असता. मास्तरांच्या ओठांवर नाव आलं. पण दारात उशिरा उभं राहिलेल्याला काय म्हणायचं याची त्यांच्या जिभेला जन्माची सवय होती, आणि तेच तोंडातून निघून गेलं.

"नाव सांग."

सगळ्यांनी एकदम तोंडं उघडली. अख्ख्या बोळानं आपापलं नाव सांगितलं. ओठ हलताना दिसले, गळ्याच्या शिरा दिसल्या. आवाज मात्र आला नाही. नंतर ती तोंडं तशीच उघडी राहिली, मास्तर आता काय म्हणतात याची वाट बघत.

मथुराबाईंनी मागून त्यांना धरून आत ओढलं. त्या सांगतात की बोळात कुणी नव्हतं. समोरचं कुत्रं मात्र त्या दुपारनंतर पेठेत दिसलं नाही.

संध्याकाळी मास्तरांनी स्वतः भटजींकडे जाऊन उद्याच विधी करायला सांगितलं. भटजींना मुहूर्ताची अडचण होती, पण मास्तरांचा चेहरा बघून त्यांनी ती बोलून दाखवली नाही. घरी परत आल्यावर मास्तरांनी दाण्यांना हात लावला नाही. बायकोला ते एवढंच म्हणाले, "त्यानं दोनदा विचारलं. आणि मी बाप असून त्याला नाव विचारलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मशानात पळसाची पानं आणि देठ मांडून भटजींनी पुतळा केला. हातापायांना देठ, डोक्याला नारळ, सगळं सुतानं बांधलेलं, वर कणकेचा लेप. मास्तरांना वाटलं होतं की आपल्याला बघवणार नाही. पण पुतळा माणसासारखा अजिबात दिसत नव्हता, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. सोबत अप्पा होते, भटजी होते, शेजारचा एक गृहस्थ होता. भटजींनी नाव आणि गोत्र उच्चारायला सांगितलं. मास्तरांनी नाव घेतलं. बारा वर्षांत ते त्यांनी मोठ्यानं घेतलं नव्हतं. भटजींना एकदाच पुरलं असतं. मास्तर पुन्हा पुन्हा घेत राहिले, हजेरी घेताना गैरहजर मुलाचं घेतात तसं, मान वर करून, दूरपर्यंत बघत. अखेर अप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पानं ओली होती, तरी धडधडून पेटली.

परत येताना मागं वळून बघायचं नसतं. चौघं पुढं बघत चालले. थोडं अंतर गेल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं की मागं पाय वाजताहेत. अप्पांनाही ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी चालता चालता मास्तरांचा दंड धरला आणि कानडीत देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. तलावाचा रस्ता सोडला तिथं मागचे काही पाय कमी झाले. बाळीवेशीपाशी आणखी कमी झाले. मास्तर मनात म्हणत होते, जा रे बाबांनो, ज्याच्या त्याच्या घरी जा, आणि त्यांची घरं आता कुठं राहिली असतील, असंही त्यांना वाटत होतं. मंगळवार पेठेच्या बोळात शिरले तेव्हा मागं एकाच माणसाचे पाय उरले होते. ते पाय ओढत नव्हते. नीट पडत होते.

दारात सोनाबाई पाण्याची कळशी, तांब्या आणि कडुलिंबाचा डहाळा घेऊन उभी होती. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. ते तिनं सकाळीच स्वतः पुसलं होतं, मथुराबाईंचा हात पुढं व्हायच्या आत. तिनं भटजींच्या पायांवर पाणी घातलं, शेजाऱ्याच्या, मग अप्पांच्या. सगळ्यांत शेवटी मास्तरांच्या. मास्तरांनी लिंबाचं पान चावलं आणि उंबरा ओलांडला.

आत आल्यावर त्यांनी वळून पाहिलं. आता पाहायला हरकत नव्हती, घर आलं होतं. पायरीवर कुणी नव्हतं. पण सोनाबाईनं कळशीतून पुन्हा तांब्या भरला होता आणि ती तो रिकाम्या पायरीवर सावकाश वाकवत होती. पाणी सरळ दगडावर पडत नव्हतं. दगडाच्या जरा वरच ते दोन ठिकाणी फुटत होतं, दोन्ही बाजूंनी ओघळत होतं, पायांवर घातलेलं पाणी ओघळतं तसं.

तांब्या रिकामा झाल्यावर तिनं वर पाहिलं, माणसाचा चेहरा जिथं असतो तिथं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दारातून एका बाजूला सरून वाट दिली.